चाळिशीनंतर 'टेस्टो'चं इंजेक्शन : जिममधल्या काकांच्या शरीरात नेमकं काय होतं?

संध्याकाळी साडेआठनंतर घोडबंदर रोडवरच्या, डोंबिवलीत मानपाडा रोडच्या किंवा कल्याणच्या खडकपाड्यातल्या एखाद्या जिममध्ये डोकावून बघा. आरशासमोर सेल्फी काढणारी पोरं तर असतातच, पण ऑफिसची बॅग लॉकरला टाकून ट्रेडमिलवर चढलेले पंचेचाळिशी-पन्नाशीतले काकाही असतात. कुणाला डॉक्टरांनी शुगर बॉर्डरलाइनवर असल्याचं सांगितलेलं असतं, कुणाला मुलीच्या लग्नाआधी पोट कमी करायचं असतं.

ही चांगलीच गोष्ट आहे. या वयात व्यायाम सुरू करणाऱ्या माणसाचं कौतुकच करायला हवं.

प्रश्न तिसऱ्या-चौथ्या महिन्यात येतो. वजनाचा काटा हलत नाही, दंड आहेत तेवढेच राहतात. मग कुणीतरी हळूच सांगतं, "सर, तुमच्या वयात नॅचरल नाही होत. एक छोटी सायकल मारू. टेस्टोच आहे, बॉडीत असतंच ते." त्यात इन्स्टाग्रामवर 'तुमचं टेस्टोस्टेरॉन कमी झालंय का?' असं विचारणारी रील रोज समोर येत असते. थकवा, चिडचिड, झोप नीट न लागणं, इच्छा कमी होणं. चाळिशी ओलांडलेल्या कुठल्या माणसाला यातलं काहीच होत नाही?

स्टेरॉइडचा विषय निघाला की आपण विशीतल्या पोरांबद्दल बोलतो. पण तेच औषध पन्नाशीच्या शरीरात गेलं तर हिशोब बदलतो. कसा, ते समजून घेऊ.

आधी नावाचा घोळ मिटवू

'स्टेरॉइड' हा शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो.

पहिली म्हणजे कॉर्टिकोस्टेरॉइड. दम्याचा पंप, प्रेडनिसोलोनच्या गोळ्या, कोविडमध्ये गंभीर रुग्णांना दिलेलं डेक्सामेथासोन ही या गटातली औषधं. ती सूज कमी करतात, स्नायू वाढवत नाहीत. त्यामुळे हा लेख वाचून घरातल्या आजोबांचा दम्याचा पंप बंद करू नका. त्याचा इथे संबंध नाही.

दुसरी म्हणजे अॅनाबॉलिक स्टेरॉइड. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक आणि त्याच्यासारखी प्रयोगशाळेत बनवलेली औषधं, उदाहरणार्थ नँड्रोलोन, स्टॅनोझोलोल, मेथँडिएनोन. जिमच्या भाषेत 'टेस्ट', 'डेका', 'सायकल', 'कोर्स' म्हणतात ते हेच. आपण याच गटाबद्दल बोलतोय.

तरुण होण्याचं इंजेक्शन : १३० वर्षांहून जुनी हौस

१८८९ साली पॅरिसमध्ये ब्राऊन-सेकार नावाच्या नामवंत शास्त्रज्ञाने, वयाच्या ७२ व्या वर्षी, एक विचित्र प्रयोग जाहीर केला. त्याने कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला होता. त्यामुळे आपली ताकद परत आली, असं त्याने भर सभेत सांगितलं. असल्या अर्कात संप्रेरक जवळपास नसतंच, हे पुढे लक्षात आलं. म्हणजे त्याला जे वाटलं तो बहुतेक मनाचा खेळ होता. पण 'तरुण करणारं इंजेक्शन' ही कल्पना लोकांच्या डोक्यात बसली ती कायमची.

खरं टेस्टोस्टेरॉन वेगळं काढलं गेलं १९३५ मध्ये. ते कृत्रिमरीत्या बनवण्याच्या कामात असलेल्या बुटेनांट आणि रुझिच्का यांना १९३९ चं रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. नंतर हे औषध खेळाडूंपर्यंत पोहोचलं. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये १०० मीटर जिंकलेल्या बेन जॉन्सनचं सुवर्णपदक काढून घेतलं गेलं, ते स्टॅनोझोलोल सापडल्यामुळेच.

खेळाडूंनंतर पाळी आली सामान्य पुरुषांची. अमेरिकेत चाळिशीपुढच्या पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांचं प्रमाण २००१ ते २०११ या दहा वर्षांत तिपटीहून जास्त वाढलं. 'लो टी' म्हणजे कमी टेस्टोस्टेरॉन, हा तिथे जाहिरातीचा शब्द झाला. आज आपल्या मोबाइलवर येणाऱ्या रील याच जाहिरातबाजीची पुढची आवृत्ती आहेत.

वयानुसार टेस्टोस्टेरॉन खरंच कमी होतं का?

होतं, पण रीलमध्ये सांगतात तसं नाही.

तिशी-चाळिशीनंतर ते साधारण वर्षाला एक टक्क्याच्या आसपास हळूहळू उतरतं. बाईची पाळी थांबते तसं पुरुषाचं काही एकदम बंद होत नाही. युरोपातल्या ८ शहरांत ४० ते ७९ वयाच्या ३,३६९ पुरुषांचा मोठा अभ्यास झाला. तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्यात लक्षणंही आहेत आणि रक्तातली पातळीही खरंच कमी आहे, असे पुरुष निघाले फक्त २.१ टक्के. वयाच्या चाळिशीत तर हे प्रमाण होतं ०.१ टक्का, म्हणजे हजारात एक. सत्तरी पार केलेल्यांतसुद्धा ते ५.१ टक्क्यांवर थांबलं.

मग बाकीच्यांना थकवा का येतो?

त्याचं उत्तर बऱ्याचदा आपल्या टाइमटेबलमध्ये असतं. पहाटे उठून डबा घ्या, डोंबिवलीहून लोकलला लटका, जाऊन-येऊन अडीच-तीन तास प्रवासात घाला, रात्री साडेनऊला घरी या, जेवून बारापर्यंत मोबाइल बघा. शिकागोमध्ये निरोगी तरुणांवर एक छोटा प्रयोग झाला होता, तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. दहा जणांना आठवडाभर रात्री फक्त पाच तास झोपू दिलं. त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी घसरलं. वर्षाला एक टक्का हा हिशोब धरला, तर वयामुळे जे दहा वर्षांत व्हायचं ते एका आठवड्याच्या अपुऱ्या झोपेने केलं.

पोटाचा घेर, मधुमेह, रोजची दारू, झोपेत श्वास अडकण्याचा म्हणजे स्लीप अॅप्नियाचा आजार, डिप्रेशन, थायरॉइड यांपैकी काहीही असेल तर थकवा येतो. यातल्या बऱ्याच गोष्टी टेस्टोस्टेरॉनही खाली ओढतात. मूळ दुखणं बाजूला ठेवून वरून इंजेक्शन मारणं म्हणजे गळकं छप्पर तसंच ठेवून आतून रंग काढण्यासारखं आहे.

टँकर आला की पंप बंद

बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतल्यावर काय होतं ते समजायला आपल्या सोसायटीची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा.

गच्चीवरच्या टाकीत पाणी कमी झालं की सेन्सर खालच्या पंपाला सांगतो, 'चालू हो.' टाकी भरली की सांगतो, 'थांब.' शरीरात सेन्सर असतो मेंदूत आणि पंप म्हणजे वृषण. आता तुम्ही वरून टँकर ओतायला लागलात, तर टाकी कायम भरलेली. सेन्सर पंपाला चालू व्हायला सांगतच नाही. महिनोन्महिने बंद राहिलेला पंप गंजतो. मग वृषण आकाराने लहान होतात, वीर्यातले शुक्राणू घटतात किंवा नाहीसेच होतात.

हे इतकं खात्रीने होतं की जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याला टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन देऊन पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून त्याची चाचणी घेतली होती. १९९० मध्ये तिचे निष्कर्ष आले. ज्याला 'मर्दानगीचं औषध' म्हणून विकलं जातं, तेच औषध मूल होऊ नये म्हणून तपासलं गेलं होतं.

टँकर बंद केल्यावर काय? विशीतल्या पोराचा पंप बहुतेकदा काही महिन्यांत पुन्हा चालू होतो, कधी वर्ष-दोन वर्षं लागतात. वय जितकं जास्त आणि औषध जितके दिवस घेतलं तितका वेळ वाढतो. काहींचा पूर्ववत होतच नाही. मधल्या काळात टाकी रिकामी असते. ताकद नाही, इच्छा नाही, मन उदास. मग माणूस म्हणतो, 'बंद केलं की त्रास होतो, म्हणजे मला याची गरजच होती.' आणि पुढची सायकल सुरू होते. वापरणाऱ्यांपैकी साधारण तीनातला एक जण अशा चक्रात अडकतो, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

काकांना धोका जास्त का?

तीन कारणं आहेत.

पहिलं कारण हृदय. स्टेरॉइडमुळे चांगलं कोलेस्टेरॉल घटतं, वाईट वाढतं, रक्तदाब चढतो, हृदयाच्या भिंती जाड होतात. अमेरिकेत ३४ ते ५४ वयाच्या १४० वेटलिफ्टिंग करणाऱ्या पुरुषांची तपासणी झाली, त्यात ८६ जण बरीच वर्षं स्टेरॉइड घेतलेले होते. २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. हृदय एका ठोक्यात आतलं किती रक्त बाहेर फेकतं, हे प्रमाण स्टेरॉइड न घेणाऱ्यांत सरासरी ६३ टक्के होतं आणि घेणाऱ्यांत ५२ टक्के. जितकी जास्त वर्षं औषध, तितक्या हृदयाच्या रक्तवाहिन्या जास्त तुंबलेल्या. बाहेरून ही सगळी माणसं पिळदारच दिसत होती.

त्यात आपण भारतीय. ५२ देशांच्या एका मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हार्ट अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी आला, इतर देशांत जवळपास ५९ व्या. म्हणजे ज्या वयात आपलं हृदय आधीच काठावर असतं, नेमकं त्याच वयात हे इंजेक्शन घेतलं जातंय.

दुसरं कारण घट्ट होणारं रक्त. टेस्टोस्टेरॉनमुळे लाल पेशी वाढतात, रक्त दाट होतं, गुठळी होण्याची भीती वाढते. स्लीप अॅप्नियात हाच त्रास आधीपासून असू शकतो. मोठ्याने घोरणाऱ्या, पोट सुटलेल्या, बीपी असलेल्या पन्नाशीच्या माणसाला हे औषध म्हणजे आगीत तेल.

तिसरं कारण आधीपासून चालू असलेली औषधं आणि आजार. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये आलेल्या देशव्यापी पाहणीत ३५.५ टक्के प्रौढ भारतीयांमध्ये उच्च रक्तदाब आणि ११.४ टक्क्यांमध्ये मधुमेह आढळला. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफेरिनचा परिणाम स्टेरॉइडमुळे वाढतो, त्याने रक्तस्राव होऊ शकतो. मधुमेहाच्या औषधांचा हिशोबही बिघडू शकतो. प्रोस्टेटचा लपलेला कॅन्सर असेल तर टेस्टोस्टेरॉन त्याला खतपाणी घालू शकतं. जिममध्ये इंजेक्शन देणारा माणूस 'पीएसए केली का, बीपीची गोळी कुठली चालू आहे' हे विचारत नाही.

याशिवाय वय कुठलंही असो, हे आहेच :

- जास्तीचं टेस्टोस्टेरॉन शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतं, त्यामुळे छातीला स्त्रियांसारखा उभार येऊ शकतो. तो बऱ्याचदा ऑपरेशनशिवाय जात नाही.
- स्टॅनोझोलोल, मेथँडिएनोनसारख्या गोळ्या थेट यकृताला मारक ठरतात.
- टक्कल पडायची प्रवृत्ती असेल तर ते लवकर पडतं.
- राग, आक्रमकपणा, झोप उडणं. घरच्यांच्या हे आधी लक्षात येतं, घेणाऱ्याच्या नंतर.
- एकाच बाटलीतून किंवा सुईने दोघा-तिघांनी घेतलं तर हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचा धोका.

डेन्मार्कमध्ये स्टेरॉइड घेताना पकडल्या गेलेल्या १,१८९ जिमकरांचा पुढची अनेक वर्षं मागोवा घेतला गेला. २०२४ मध्ये छापलेल्या निष्कर्षानुसार त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण त्याच वयाच्या सर्वसाधारण पुरुषांपेक्षा २.८ पट निघालं. आणि त्यांचं सरासरी वय सुरुवातीला होतं फक्त २७.

पण डॉक्टरही टेस्टोस्टेरॉन देतात ना?

देतात. आणि योग्य माणसाला दिलं तर ते उत्तम औषध आहे. वृषणांना इजा झालेली, पिट्यूटरी ग्रंथीचा आजार असलेली, जन्मतः संप्रेरक कमी असलेली माणसं त्याच्यावर नीट जगतात. त्यांना ते सोडायला सांगणं चूक ठरेल.

फरक कुठे आहे?

एक, निदान. लक्षणं असावी लागतात आणि सकाळी उपाशीपोटी केलेली रक्ततपासणी दोन वेगवेगळ्या दिवशी कमी यावी लागते. संध्याकाळी जिमनंतर केलेल्या एका टेस्टवर निर्णय होत नाही, कारण ही पातळी दिवसभरात खाली-वर होते.

दोन, मात्रा. उपचारात शरीराची तूट भरून काढली जाते. जिममध्ये त्याच्या पाच-दहा पट, तेही दोन-तीन औषधं एकत्र करून दिली जातात.

तीन, लक्ष. डॉक्टर ठरावीक काळाने हिमॅटोक्रिट आणि पीएसए तपासतात. हिमॅटोक्रिट ५४ टक्क्यांवर गेलं तर औषध थांबवतात. नुकताच हार्ट अटॅक किंवा पॅरालिसिसचा झटका येऊन गेला असेल, प्रोस्टेटचा कॅन्सर असेल किंवा मूल हवं असेल तर सुरूच करत नाहीत.

अमेरिकेतल्या ५,००० हून अधिक पुरुषांवरच्या मोठ्या चाचणीचा निकाल २०२३ मध्ये आला. वय ४५ ते ८०, टेस्टोस्टेरॉन खरंच कमी, हृदयाचा धोका असलेली माणसं. देखरेखीखाली उपचार घेणाऱ्यांत हार्ट अटॅक आणि स्ट्रोक वाढले नाहीत. काही रील एवढंच दाखवतात. त्याच चाचणीत हृदयाचे ठोके अनियमित होणं, किडनीला इजा आणि फुप्फुसात गुठळी हे प्रकार जास्त आढळले, हे मात्र सांगत नाहीत. आणि ती चाचणी जिमच्या डोसची नव्हतीच.

बाटलीत आहे तरी काय?

जिममध्ये मिळणाऱ्या बाटलीवरचं नाव आणि आतला माल एकच असेल याची हमी कोण देणार? बिल नाही, चिठ्ठी नाही, बॅच नंबर खरा की खोटा ते कळायला मार्ग नाही. तेलात मिसळलेलं, कुठेतरी भरलेलं द्रव थेट स्नायूत जातं, आणि तिथे पू झाला तर विचारणार कुणाला?

त्यात आणखी एक औषध मिसळलंय, मेफेन्टरमाइन. पुण्यासह राज्यात ते विकणाऱ्यांवर गेल्या काही वर्षांत कारवाया झाल्या आहेत. हे स्टेरॉइड नाहीच. ऑपरेशनच्या टेबलावर भुलीमुळे रक्तदाब एकदम पडला तर तो वर आणायला भूलतज्ज्ञ ते वापरतात. जिममध्ये 'स्टॅमिना' म्हणून टोचलं जातं. बीपीच्या रुग्णाने बीपी वाढवायचं इंजेक्शन घेणं, यावर वेगळं काय बोलायचं?

आणि प्रोटीन पावडर? ती स्टेरॉइड नाही. पण तिथेही डोळे उघडे ठेवा. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात बाजारातल्या ३६ प्रोटीन पावडरी तपासल्या, तेव्हा सुमारे ७० टक्के डब्यांवर लिहिलेलं प्रोटीनचं प्रमाण चुकीचं निघालं.

कायदा काय सांगतो?

अॅनाबॉलिक स्टेरॉइड ही डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायची औषधं आहेत. ट्रेनरला ती लिहून देण्याचा अधिकार नाही. औषध आणि सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० नुसार परवान्याशिवाय औषध विकणं हा गुन्हा आहे आणि त्याला किमान तीन, जास्तीत जास्त पाच वर्षं कैद होऊ शकते. पण ही औषधं गांजा-एमडीसारखी अमली पदार्थांच्या कायद्यात येत नाहीत, त्यामुळे त्यांची तेवढी चर्चा होत नाही आणि धाकही वाटत नाही.

तक्रार करायची असेल तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५ आहे.

आधीच घेत असाल तर

घाबरू नका आणि लाजू नका. पण या गोष्टी करा :

- डॉक्टरांना खरं सांगा. काय घेतलं, किती महिने, शेवटचं कधी. ते पोलिसांना फोन करत नाहीत, त्यांना योग्य तपासणी ठरवायची असते. ऑपरेशन असेल तर भूलतज्ज्ञांनाही सांगा.
- मनाने एकदम बंद करून घरी बसू नका आणि जिममधल्या 'सायकलनंतरच्या' गोळ्यांवरही राहू नका. एंडोक्रिनॉलॉजिस्ट किंवा यूरॉलॉजिस्टच्या देखरेखीखाली थांबवा.
- बीपी, ईसीजी, टूडी इको, कोलेस्टेरॉल, हिमॅटोक्रिट, यकृत-किडनीच्या तपासण्या आणि पीएसए यातलं काय करायचं ते डॉक्टरांना विचारा. खासगीत परवडत नसेल तर कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाच्या, कल्याणच्या रुक्मिणीबाई किंवा डोंबिवलीच्या शास्त्रीनगर रुग्णालयाच्या ओपीडीत सुरुवात करता येईल.
- छातीत दुखणं, दम लागणं, एका पायाला अचानक सूज, एका बाजूची ताकद जाणं, असं काही झालं तर वाट न बघता हॉस्पिटल गाठा. १०८ ला फोन करा.
- बंद केल्यावर मन फार खचलं, जगणं नकोसं वाटलं तर टेलीमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं, मराठीतही.

आणि हा लेख वाचणारे तुम्ही पंचविशीतले असाल, बाबांच्या कपाटात सुया दिसल्या असतील, तर आरडाओरडा करू नका. 'या वयात हे काय थेर' असं म्हटलं की माणूस लपवायला शिकतो. त्याऐवजी 'बीपी चेक करून येऊ' म्हणत सोबत दवाखान्यात जा.

मग या वयात बॉडी होतच नाही?

होते. १९९० मध्ये अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात ८६ ते ९६ वयाच्या दहा जणांना आठ आठवडे वजनांचा व्यायाम करायला लावला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, तीही कुठल्याही इंजेक्शनशिवाय. नव्वदीत होतं ते पन्नाशीत का होणार नाही?

फक्त ते 'पी हळद आणि हो गोरी' अशा वेगाने होत नाही. आठवड्यातून तीन दिवस वजनं, रोज चालणं, जेवणात डाळ-उसळ-अंडी-दूध-मासे, दारू कमी आणि सात तास झोप. सहा महिन्यांनी आरशात थोडा आणि रिपोर्टमध्ये बराच फरक दिसेल. तरीही थकवा राहिला तर सकाळी उपाशीपोटी रक्त द्या आणि पुढचं डॉक्टरांना ठरवू द्या. पुढच्या वेळी कुणी म्हणालं, "सर, एक छोटी सायकल मारू," तर त्याला एवढंच विचारा : माझं शेवटचं बीपी किती होतं, सांग बरं?